गॅलरीतली बुटकी सदाहरित झुडपं: ठाणे-नवी मुंबईत कोणती लावावी, कशी सांभाळावी

ठाणे-नवी मुंबईत कुंडीतली झुडपं उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त दगावतात. उन्हाळ्यात पान लोंबतं, ते दिसतं, आपण पाणी घालतो आणि झाड सावरतं. पावसाळ्यात मुळं आतल्या आत कुजत असतात आणि वरचं पान हिरवंच दिसतं. गणपती उरकले, ऑक्टोबरचं ऊन पडलं की आठवड्याभरात सगळं झाड वाळून जातं आणि दोष उन्हाला मिळतो. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या 4 महिन्यांत. म्हणून इथे पाणी घालण्याइतकाच, किंबहुना जास्तच, विचार पाणी बाहेर काढण्याचा करावा लागतो.

आधी गॅलरीची दिशा

झाड आवडलं म्हणून आणलं आणि मग जागा शोधली, हा क्रम उलटा. कंपास काढा, गॅलरी कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि सुट्टीच्या एका दिवशी सकाळी 8 ते संध्याकाळी 5 दर तासाला ऊन कुठपर्यंत येतं त्याची नोंद करा. समोरचा टॉवर किती तास ऊन खातो हे त्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट बहुतेकांना चकवते. ठाणे साधारण 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात आतपर्यंत ऊन येतं, पण जूनमध्ये तिथे थेट ऊन जवळजवळ नसतं. उत्तरेच्या गॅलरीचं नेमकं उलट: वर्षभर सावली आणि मे महिन्यात अचानक चटका. उत्तरेला ठेवलेल्या शेफ्लेराची पानं मेमध्ये करपतात ती यामुळे. त्या काळात कुंडी हातभर आत सरकवली की काम होतं.

पूर्व गॅलरी नवख्यांसाठी सर्वांत सोपी. पश्चिमेला दुपारी 2 ते 5 चं ऊन मार्च-एप्रिलमध्ये फार कडक असतं. तिथे सोसणारी झाडंच लावा. इमारतीच्या डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीत पुढे दिलेल्या झाडांतलं काहीही लावू नका. तिथे झाड जगतं, पण उजेडाच्या शोधात लांबट होतं आणि बुटकेपणा पार जातो.

कोणती झाडं

*मिनी एक्झोरा.* ऊन 4-5 तास असेल तर पहिली पसंती. लाल, केशरी, पिवळी फुलं जवळजवळ वर्षभर येतात, उंची दीड-दोन फुटांत राहते. हिला थोडी आम्लधर्मी माती लागते. त्याबद्दल पुढे.

*कामिनी.* हिलाच कुंती म्हणतात. लहान पानांचा बुटका प्रकार मागा, साधी कामिनी दोन माणसांएवढी होते. फुलं पावसाच्या पहिल्या सरींनंतर एकदम येतात आणि वास मजलाभर पसरतो. मात्र लिंबू आणि कढीपत्त्याची कुंडी हिच्या शेजारी नको. ही तिन्ही एकाच कुळातली, आणि लिंबावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही बारीक कीड कामिनीच्या कोवळ्या फुटीवर आनंदाने वाढते.

*ग्रीन आयलंड फायकस.* गोलसर, जाड, चकचकीत पानं. 3-4 तासांचं ऊन पुरतं, चूक पोटात घालतं, छाटणीला उत्तम प्रतिसाद देतं. पहिलंच झाड घ्यायचं तर हे घ्या. छाटताना पांढरा चीक येतो. तो त्वचेला लागला तर काहींना खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला.

*शेफ्लेरा.* छत्रीसारख्या पानांचं. थेट ऊन नसलेल्या पण भरपूर उजेड असलेल्या गॅलरीसाठी. पिवळी छटा असलेल्या प्रकाराला उजेड थोडा जास्त लागतो.

*मिनी तगर (चांदणी).* पूर्वेच्या गॅलरीत पांढरी फुलं सतत देते. पूजेलाही होतात.

*गोल्डन ड्युरांटा.* पोपटी-पिवळी पानं, पण पूर्ण उन्हातच. सावलीत ती साधी हिरवी होतात. वाढ झपाट्याची, दर 3 आठवड्यांनी कात्री लागते. पिवळी फळं विषारी आहेत, घरात लहान मूल असेल तर फुलोरा आधीच छाटून टाका.

*युजेनिया.* लालसर कोवळी फूट हीच तिची शोभा. स्वभावाने हे झाड मोठं आहे, छाटणीनेच बुटकं राहतं. छाटणीचा कंटाळा असेल तर टाळा.

वाशी, ऐरोली, नेरूळच्या खाडीकडे तोंड असलेल्या वरच्या मजल्यांवर खारा वारा पानांच्या कडा करपवतो. तिथे पुढच्या रांगेत ग्रीन आयलंड किंवा कोयनेल (कुंपणाला लावतात ते हिरवं झुडूप) ठेवा. कोयनेल मूळचीच किनाऱ्यावरची, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही.

आता काय घेऊ नये ते. गोल्डन सायप्रस, ज्युनिपर, बॉक्सवूड, कॅमेलिया, अझेलिया ही सगळी थंड हवेतली झाडं. नर्सरीत ती टवटवीत दिसतात कारण नुकतीच ट्रकमधून उतरलेली असतात. इथल्या दमट रात्री त्यांना मानवत नाहीत. मोरपंखीचं थोडं वेगळं आहे. मोकळ्या गच्चीवर, चहूबाजूंनी वारा असेल तर ती टिकते. ग्रिलच्या कोपऱ्यात मात्र आतून तपकिरी होत जाते, आणि एकदा जुन्या लाकडावरची हिरवळ गेली की तिथून पुन्हा फुटत नाही. बाकी झुडपांसारखी खोलवर छाटून ती सुधारत नाही.

नर्सरीत काय बघायचं

घोडबंदर रोडवर घ्या नाहीतर नवी मुंबईत, बरीचशी झाडं आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियममधून किंवा पुण्याकडून आलेली असतात. कडियमकडची झाडं बहुतेकदा चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतात. प्रवासात ओल टिकायला तो गोळा चांगला, कुंडीत मात्र सगळ्यात मोठा शत्रू. पिशवी दाबून बघा. दगडासारखी लागली तर आत तोच गोळा आहे. झाड घ्यायला हरकत नाही, पण पुढचं काम ठरलेलं.

बुंध्यापासूनच 3-4 फांद्या फुटलेलं, कमी उंचीचं झाड निवडा. फुलांनी लगडलेलं, पण एकाच सोटावर उभं असलेलं झाड घेऊ नका. पानाच्या खालच्या बाजूला आणि फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ते पिठ्या ढेकूण. त्या ओळीतलं शेजारचं झाडही नको. बुंधा धरून हलकेच हलवा. झाड मातीत डुगडुगत असेल तर ते नुकतंच पिशवीत भरलेलं आहे.

कुंडी आणि माती

सुरुवात 10 किंवा 12 इंची कुंडीने. 6 इंची पिशवीतलं झाड थेट 16 इंचीत टाकू नका. मुळं पोचत नाहीत त्या भागातली माती आठवडाभर ओली राहते आणि आंबते. 12 इंची कुंडीत साधारण 14 लिटर माती मावते आणि भिजल्यावर तिचं वजन 20 किलोच्या आसपास जातं. ग्रिलवर अशा 5 कुंड्या म्हणजे 100 किलो, हे ग्रिल बसवणाऱ्याला विचारून मगच. कठड्यावर किंवा कठड्याबाहेर अडकवलेली कुंडी तर कधीच नको. जूनच्या वाऱ्यात ती खाली जाते आणि खाली माणसं असतात.

तळाला बोटाएवढी 5-6 भोकं हवीत. नव्या प्लास्टिक कुंडीत ती अर्धवट बंद असतात, गरम सळईने मोकळी करा. भोकांवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवला की पुरे. तळाला दगड-खापऱ्यांचा थर देण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण त्याने निचरा वाढत नाही. बारीक मातीतून पाणी जाड थरात सहज उतरत नाही, ते थराच्या वर अडून राहतं, म्हणजे ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. खडबडीत माल द्यायचाच तर मातीत मिसळून द्या.

12 इंची कुंडीसाठी प्रमाण:

- लाल माती 5 लिटर, चाळून
- कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, 3 लिटर (भिजवल्यानंतर मोजलेलं)
- गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत 3 लिटर
- विटेचा भरड चुरा किंवा परलाइट (हलके, पांढरे, फुगवलेले खडे) 3 लिटर
- निंबोळी पेंड 50 ग्रॅम

कोकोपीटमध्ये मीठ असतं. त्याची दाबलेली वीट भिजवून, पिळून, पाणी बदलून पुन्हा पिळा, असं दोनदा. कोकोपीटच्या 650 ग्रॅमच्या विटेतून भिजल्यावर साधारण 8 लिटर मिळतं. पावसाचा थेट मारा येणाऱ्या गॅलरीत कोकोपीट 2 लिटरवर आणा आणि विटेचा चुरा 4 लिटर करा. वाळू वापरायची तर नदीची, धुतलेली. खाडीतली रेती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, तिच्यातलं मीठ मुळं जाळतं.

इमारतीच्या फ्लॉवर बेडबद्दल इशारा. बिल्डरने ती जागा बहुतेक वेळा डेब्रिजने भरलेली असते: सिमेंट, चुना, टाइल्सचे तुकडे. वर 4 बोटं लाल माती. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते, आणि अशा मातीत एक्झोराला लोह घेता येत नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं दिसू लागतं. शिवाय त्या बेडचं वॉटरप्रूफिंग बिघडलं की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतातच. बेडमध्ये थेट न लावता त्यात कुंड्या ठेवा, दोन्ही प्रश्न टळतात.

लागवड, क्रमाने

उत्तम वेळ जूनमध्ये 2-3 चांगले पाऊस झाल्यावर, किंवा सप्टेंबरच्या अखेरीस. मार्च ते मे फक्त झाड आणून सावलीत पिशवीतच ठेवा.

1. घरी आणल्यावर झाड 5-6 दिवस ठरलेल्या जागेजवळच, पण थेट ऊन न येता ठेवा. कीड असेल तर या दिवसांत दिसते.

2. लावायच्या आदल्या रात्री पिशवी पूर्ण भिजवा.

3. पिशवी कापून काढा, झाड बुंध्याला धरून ओढू नका. चिकणमातीचा गोळा असेल तर बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवा आणि बोटांनी बाहेरची माती सोडवत जा. निम्मी माती गेली तरी चालेल, मधला गाभा राहू द्या. गोळा तसाच लावला तर घातलेलं पाणी त्याच्या कडेने निघून जातं. वरून माती ओली आणि गोळा आतून कोरडा, किंवा पावसाळ्यात गोळा दिवसेंदिवस चिंब आणि भोवतालची माती कोरडी. नवखे ज्या मरणाला ‘काही केलंच नव्हतं तरी गेलं’ म्हणतात, ते बहुतेकदा हे.

4. तळाशी गोल फिरलेली मुळं कात्रीने कापा. काळी, मऊ, वास येणारी मुळं सगळी काढा. पांढरी किंवा फिकट तपकिरी, टणक मुळं चांगली.

5. कुंडीत माती भरून झाड असं बसवा की पिशवीत बुंध्याची जी पातळी होती तीच राहील. बुंधा अर्धा इंच जरी जास्त गाडला तरी पावसाळ्यात साल कुजते. वर काठापासून दीड इंच जागा मोकळी सोडा.

6. माती हाताने हलकी दाबा, ठोकू नका. 2 लिटर पाणी सावकाश घाला. मिनिटभरात तळातून पाणी टपकायला हवं. पाणी वर साचून राहिलं तर माती जड आहे. आत्ताच उपसून चुरा वाढवा.

7. मुळं छाटली असतील तितक्या प्रमाणात वरची फूटही कमी करा, साधारण एक चतुर्थांश.

8. 10 दिवस सावली, मग 2-2 तासांनी ऊन वाढवत न्या. या काळात खत अजिबात नाही.

कुंडी विटेच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवा. खालची बशी जूनमध्ये काढून कपाटात टाका. तिच्यात साचलेलं पाणी मुळांना वाईट आणि डासांना उत्तम. पालिकेची माणसं अळ्या तपासायला आली की आधी बशीच उचलून बघतात.

पाणी

‘रोज एक मग’ असा नियम करू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर तळातून टपकेपर्यंत पाणी द्या, म्हणजे 12 इंचीला एक-दीड लिटर. ओलं लागलं तर उद्या बघा. मार्च ते मे पश्चिमेला रोज, कधी दोन वेळा. डिसेंबर-जानेवारीत 2-3 दिवसांनी. पावसाळ्यात छताखालच्या कुंड्यांना आठवड्यातून एकदा-दोनदा. बाहेर पाऊस कोसळतोय म्हणून आतल्या कुंडीला पाणी न देणारेही बरेच असतात.

पाणी सकाळी द्या. दुपारी गच्चीच्या टाकीतून येणारं पाणी मे महिन्यात चांगलंच तापलेलं असतं. पालिकेचं पाणी झुडपांना ठीक. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरावं लागत असेल आणि मातीवर पांढरा थर दिसू लागला, तर महिन्यातून एकदा नळाचं 4-5 लिटर पाणी एकाच वेळी सोडून क्षार धुऊन काढा.

झुडूप गच्च कसं राहतं

कुंडी लहान ठेवली म्हणजे झाड बुटकं राहतं असं नाही. ते फक्त उपाशी राहतं. गच्चपणा दोन गोष्टींनी येतो: पुरेसा उजेड आणि वेळेवर खुडलेला शेंडा.

प्रत्येक फांदीच्या टोकाला तयार होणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांची (जिथून नवी फूट येते त्या कोंबांची) वाढ रोखतं, त्यामुळे ते झोपलेले राहतात. टोक खुडलं की खालचे 2-3 डोळे एकदम जागे होतात. नव्या फुटीला पानांच्या 4 जोड्या आल्या की वरच्या 2 खुडा. नखाने तुटते तोवर हात पुरे, कडक झाली तर कात्री. कापताना पानाच्या सांध्याच्या पाव इंच वर कापा. जास्त देठ सोडला तर तो वाळतो आणि तिथून बुरशी शिरते.

आकार देताना खालचा घेर वरच्यापेक्षा रुंद ठेवा. वर रुंद झालं की खाली सावली पडते, खालची पानं गळतात आणि वर्षभरात उघड्या पायांचं झुडूप होतं. महिन्यातून एकदा आतल्या एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या जिथून फुटल्या तिथून काढा. पावसाळ्यात आत हवा खेळायला हे फार गरजेचं आहे.

एक्झोरा आणि कामिनीला फुलं फांदीच्या टोकावर येतात. ही दोन्ही दर आठवड्याला कात्रीने गोल करत बसाल तर फुलं कधीच येणार नाहीत. फुलांचा बहर ओसरला की लगेच, गुच्छाखालच्या पहिल्या दोन पानांसकट छाटा आणि मग पुढचा बहर येईपर्यंत हात लावू नका. ड्युरांटा, फायकस, युजेनिया यांना हा प्रश्न नाही.

खोल छाटणी वर्षातून एकदाच: फेब्रुवारीत किंवा जूनच्या सुरुवातीला, आणि एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त नाही. मेमध्ये केली तर आतल्या सावलीतल्या फांद्या एकदम उन्हात येऊन भाजतात. जुलै-ऑगस्टच्या झडीत कापलेली टोकं वाळतच नाहीत, काळी पडून खालपर्यंत सडत जातात.

खत

महिन्याला कुंडीमागे 2 मुठी गांडूळखत, वरची माती खुरप्याने हलवून. सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये 15 दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत लिटरला 2 ग्रॅम, ओल्या मातीतच. मोठ्या पावसात खत वाहून जातं, म्हणून जुलैत पैसे घालवू नका. तांदळाचं धुवण, दूध, चहाचा उकळलेला चोथा कुंडीत ओतण्याचे प्रयोग व्हिडिओत छान दिसतात, गॅलरीत चिलटं आणतात.

काय बिघडलं ते ओळखणं

खालची पानं पिवळी आणि माती ओली: मुळं कुजताहेत. पाणी बंद, कुंडी उचलून ठेवा. 4 दिवसांत सुधारणा नसेल तर झाड काढून काळी मुळं कापा, नव्या कोरड्या मिश्रणात 20 ग्रॅम ट्रायकोडर्मा (कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) घालून लावा.

कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोहाची कमतरता, एक्झोरात नेहमीची. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) अर्धा ग्रॅम लिटरमध्ये, संध्याकाळी पानांवर, 10 दिवसांनी परत. कुंडीला चुना-गेरू फासलेला असेल तर तो माल आतल्या बाजूला नाही ना, ते बघा.

पानांवर काळी काजळी आणि मुंग्यांची रांग: काजळी पुसून उपयोग नाही. वर कुठेतरी पिठ्या ढेकूण, मावा किंवा खवले कीड गोड चिकट रस सोडते आहे आणि त्यावर बुरशी वाढते. थोडी असेल तर जुन्या टूथब्रशने घासा. जास्त असेल तर निंबोळी तेल 5 मिलि आणि लिक्विड साबणाचे 8-10 थेंब लिटरभर पाण्यात घोळून पानांच्या खालून फवारा, 7 दिवसांच्या अंतराने 3 वेळा. उन्हात फवारलं तर पान भाजतं.

फायकसची पानं शेंगेसारखी मिटलेली: आत थ्रिप्स, म्हणजे बारीक फुलकिडे, आहेत. फवारा आतवर पोचत नाही. ती पानं तोडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, मगच फवारा.

ऑक्टोबरमध्ये एका बाजूची पानं पांढुरकी करपली: 4 महिने ढगाळ हवेत वाढलेलं कोवळं पान अचानक कडक उन्हात आलं. रोग नाही. 2 आठवडे हिरवी जाळी लावा आणि करपलेलं पान लगेच तोडू नका, त्याचा हिरवा भाग अजून कामाचा आहे.

शेंडे तुटलेले, माती उकरलेली: कबुतरं. यावर औषध नाही, जाळी आहे.

दोन वर्षांनी

पाणी घातल्याघातल्या खाली निघून जातं, तळाच्या भोकातून मुळं डोकावतात, रोज पाणी देऊनही दुपारी पान मलूल होतं, तेव्हा कुंडी मुळांनी भरली. मोठी कुंडी ठेवायला जागा नसेल तर जूनमध्ये झाड बाहेर काढा, मुळांच्या गोळ्याचा कडेने आणि तळाने दीड इंच भाग जुन्या सुरीने कापून टाका, त्याच कुंडीत ताजं मिश्रण भरून परत लावा. वरची फूट त्याच दिवशी एक चतुर्थांश कमी करा.

त्या छाटणीत निघालेल्या काड्या फेकू नका. ड्युरांटा, तगर, कोयनेलच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या घ्या. खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा, आणि तळाला भोक पाडलेल्या कागदी पेल्यात अर्धं कोकोपीट, अर्धा विटेचा चुरा घालून सावलीत खोचा. पावसाळी हवेत 3 ते 5 आठवड्यांत मुळं येतात. काडी हलकेच ओढल्यावर अडली की रुजली. कामिनी आणि एक्झोरा यांना जास्त वेळ लागतो, त्यांच्या दुप्पट काड्या लावा.